भामरे सरांचा पत्ता

अंबडला लेथच्या वर्कशॉपवर आमचं ऑफिस.
खाली लोखंड कापलं की
वर कीबोर्ड थरथरतो.

आज तिसऱ्यांदा फेच अडकलं.
रिपॉझिटरीचं नाव मी कधी लिहीत नाही,
नुसती कमांड टाकतो, एंटर मारतो,
आणि ती सवयीने जाते
भामरे सरांच्या टेबलाखालच्या मशीनकडे.
ते दिवाळीपासून बंद आहे.
सर गेले, हे कॉन्फिगला कुणी कळवलं नाही.

सात वर्षं तिथूनच आणलं सगळं:
पिंपळगावच्या द्राक्षपेट्या मोजणारा कोड,
मध्येच त्यांची कॉमेंट,
"इथे शून्याने भागू नकोस रे बाबा."
ढकललंही तिथेच.
रात्री बघायचे,
सकाळी पाथर्डी फाट्यावर
सांडलेल्या चहात बोट बुडवून
टेबलावर माझी चूक काढून दाखवायचे.

हुमेरा म्हणाली, दोन ओळींचं तर काम आहे, दादा.
आणायचा पत्ता वेगळा ठेवता येतो,
पाठवायचा वेगळा.

फाइल उघडली.
आणायला सातपूरचा नवा सर्व्हर.
पाठवायला हुमेराची रिपॉझिटरी.
आता माझ्या चुका ती बघेल,
तेवीस वर्षांची, चहा न पिणारी.

सरांची ओळ पुसली नाही.
ओरिजिन होतं, तिथे 'भामरे' लिहिलं.
म्हणजे आता मुद्दाम नाव घेतल्याशिवाय
तिकडे काही जाणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत, खालचं लेथ थांबलं की,
एखाद्या दिवशी घेतो.
कर्सर बराच वेळ लुकलुकतो,
मग उत्तर येतं:
पोचता आलं नाही.