शून्य पॉइंट पंधरा

येसेनित्सेत शनिवारी नऊ वाजता
विन्कोच्या गॅरेजचं शटर वर जातं,
अर्ध्यात अडतं,
विन्को त्याला खांदा देतो, मग पुढे जातं.
आत तीन फिचो :
एक पिवळी, एक कधीकाळी निळी,
आणि एक माझी, जिचा रंग कागदोपत्री हस्तिदंती आहे
म्हणून आम्ही तसं म्हणतो.

क्लबला घटना आहे, शिक्का आहे,
खजिनदार आहे, खजिना नाही.
नियम फक्त दोन पाळले जातात :
ज्याची गाडी त्याची कॉफी,
आणि हात काळे केल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

बोगोमिरचे हात मुळातच काळे.
तो सल्लाही देत नसे.
इंजिन सुरू करायला सांगे आणि पाठ करून उभा राही,
पलीकडच्या खोलीत कुणी आपल्याबद्दल बोलत असावं तसा.
मग म्हणे, तिसरं सिलिंडर, बाहेरचा व्हॉल्व्ह.
झाकण उघडलं की तोच निघे.

आदल्या रविवारी व्हर्शिचच्या घाटात
बाविसाव्या वळणावर माझी गाडी उकळली.
मागचं झाकण काठी लावून उघडं ठेवलं होतं,
सगळेच ठेवतात,
तरीही.
चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या मोटारसायकलीवरून
एक म्हातारा हात हलवत पुढे गेला.
मीही हात हलवला. दुसरं काय करणार?

तर हेडचं गॅस्केट बदललं.
नट झ्देन्काने मोजून डब्यात ठेवले,
मी एक पाडला, तिने तो माझ्याआधी शोधला.
उरले व्हॉल्व्ह. आठ.
फट : शून्य पॉइंट पंधरा.
बोगोमिरने पत्ती उचलली
आणि रॉकरवर ती वाजली.
टक टक टक,
दार कुणी उघडत नाहीये तरी
वाजवत राहावं तशी.

विन्कोने रेडिओ मोठा केला.
झ्देन्का मोजलेले नट पुन्हा मोजू लागली.
मी गाडीखाली शिरलो,
तिथे माझं काहीच नव्हतं.

तेव्हा त्याशा म्हणाली,
एकोणीस वर्षांची, आईची निळी फिचो घेऊन येणारी,
"तुमचे हात हलतायत. मी धरते. तुम्ही सांगा."

गाडीखालून मला फक्त बूट दिसत होते.
त्याचे. तिचे.
रेडिओवर कुठल्या तरी गावचं हवामान.
बराच वेळ कुठलाच बूट हलला नाही.

मग तो म्हणाला, "डोळे मीट."
"का?"
"बघून कळत नाही. ओढ. काय वाटतं?"
"सैल."
"मग आवळ. आता?"
"अडते."
"मग सोड, अगदी नखभर. सुरी लोण्यातून जावी तशी.
उन्हाळ्यातल्या नव्हे, तळघरातल्या लोण्यातून."

एक, तीन, चार, दोन :
ठिणगी पडते त्या क्रमाने ते सरकत गेले.
मध्येच मी खालून विचारलं,
कॉफीत दूध कुणाला?
दोघांनीही मला गप्प केलं.

दुपारी इंजिन सुरू झालं.
बोगोमिर पाठ करून उभा.
आम्ही त्याच्या मानेकडे बघत होतो,
पुजाऱ्याकडे बघावं तसे नव्हे,
निकालाच्या फलकाकडे बघावं तसे.

"सहावा," तो म्हणाला. "केसभर सैल."
त्याशाने पाना आपटला.
सहावा म्हणजे मी दूध विचारलं तो.
मी हे कुणाला सांगितलं नाही.

आता इंजिन थंड होईपर्यंत
झाकणाला हात लावायचा नव्हता.
तीन तास. कदाचित चार.
बाहेर डोंगरामागे ऊन सरकू लागलं.
घरी कुणीच गेलं नाही.
झ्देन्काने अक्रोडाची पोतित्सा कापली,
सगळ्यांचे कप काठोकाठ भरले
आणि बोगोमिरचा, न विचारता, अर्धा.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला.
"चव बरी आहे," म्हणाला,
"पण दूध कोणी घातलं?"