पाव गोळी

डॉक्टर धुरंधर म्हणाल्या, एकदम सोडायची नाही.
आधी अर्धी. मग पाव.
मग बघू.
म्हणून जेवणं आटोपल्यावर पोळपाटावर
दाढीच्या ब्लेडने
मी रात्र कापत बसतो.
अर्धी नीट होते. पाव होत नाही.
कोपरा उडतो, भुगा पडतो,
तो बोटाने टिपून घ्यावा की झटकावा
याचा इतका विचार करतो
की आलेली झोपसुद्धा
दारातून परत जावी.

चौतीस वर्षं गोदीत क्रेन चालवली.
धक्क्यापासून साठ फूट वर, काचेच्या खोक्यात,
डोळ्याला डोळा न लागू देण्याचा
पगार घेतला.
मी निवृत्त झालो. डोळे अजून कामावर आहेत.

बाईंनी कागदावर लिहून दिलं,
चक्क वाचता येईल अशा अक्षरात:
चारनंतर चहा बंद.
घड्याळ पाठमोरं.
सकाळी अर्धा तास ऊन.
आणि झोप येत नसेल तर लोळू नका, उठा.
मी विचारलं, एवढंच?
म्हणाल्या, एवढं करून दाखवा.

घड्याळ भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
गृहपाठ विसरलेल्या पोरासारखं.
ते पाठीतूनही टिकटिकत राहिलं.
शेवटी सेल काढला.
आता आमच्याकडे कायमचे सव्वासात.

समोरच्या टॉवरच्या कामावरचा पांढरा दिवा
थेट उशीवर पडायचा.
हेमलताने तीन मोडक्या छत्र्यांचं कापड जोडून
पडदा शिवला.
काडीच्या जागी एक भोक राहिलंय,
तेवढ्यातून एक ठिपका आत येतो
आणि तिच्या कपाळावर बसतो.
तिला पत्ता नसतो.
ती पडल्या पडल्या घोरते.
पस्तीस वर्षांच्या संसारात
मला तिचा हेवा एवढ्याच गोष्टीचा.
दुधात जायफळ तीच उगाळते,
सहाणेवर तीन वळसे, चौथा नाही,
आणि मी पेला संपवायच्या आत
झोपलेली असते.

सकाळी शिवडीच्या खाडीपाशी उभा राहतो.
ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी,
एका पायावर, मान पिसांत खुपसून,
ना उशी, ना जायफळ.
मीही एकदा एक पाय उचलून पाहिला.
सुरक्षारक्षकाने विचारलं, काका, बरं वाटतंय ना?

परवा मध्यरात्र उलटून गेल्यावर
कागदात लिहिल्याप्रमाणे उठलो.
गॅलरीच्या टोकाला फिलोमिना डिमेलो
सूप मांडीवर घेऊन लसूण सोलत होती.
तुमची पण गेली? तिने विचारलं,
नळाचं पाणी गेल्यासारखं.
मी खाली बसलो. दोन गड्डे घेतले.
बोलण्यासारखं काही नव्हतं.
सालं वाऱ्याने जिन्याकडे उडत होती,
बोटं चिकट होत होती,
आणि मग तिला जांभई आली,
मोठी, कानापर्यंतची.
तिची संपते न संपते
तोच माझी सुरू झाली.

तिथेच आठवलं.
चौतीस वर्षांत एकही जहाज
मी क्रेनने ओढून आणलेलं नाही.
ते भरतीच्या वेळेने यायचं,
इंजिन मंद करून, जरा तिरकं,
आणि आम्ही फक्त
धक्का मोकळा ठेवायचो, दोर हातात.
आम्ही म्हणायचो, जहाज लागलं.
झोपेलाही तोच शब्द आहे.
लागते.

लसणाच्या हातांनीच आडवा झालो.

सकाळी हेमलताने पोळपाट काढला
आणि ओरडली,
ही इथेच कशी?
पाव गोळी, कोपरा उडालेली,
पिठाच्या डागाशेजारी तशीच.
फेकू नकोस म्हटलं.
सोमवारी बाईंना विचारू. डबीत ठेव.
काल किती वाजता लागली? ती म्हणाली.
मी घड्याळ सरळ करून पाहिलं.
सव्वासात.