मधला दिवस

रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, ताप किती दिवस.
तो मी निळ्या पेनाने भरतो.

अंजना झोरे म्हणाली, पाच.
मग पदराआड बोटं पुन्हा मोजून म्हणाली,
पाच तापाचे. मधले चार बरे व्हते,
ते धरायचे का?

सोमवारी ओम्या कुडकुडला.
दोन वाकळा, वर बापाचं घोंगडं,
तरी दातावर दात.
सासू म्हणाली, दाढा येत्यात.
मंगळवारी तो रेडकाच्या शेपटीमागं पळत होता,
दाढा आल्या असणार.

बुधवारी दुपारी पुन्हा, त्याच वेळेला,
पवनचक्कीची सावली गोठ्यावर यायच्या सुमाराला.
घरात म्हैस अडली होती.
नवरा दुधाचे कॅन घेऊन खाली गेला तो
येताना मेडिकलातून गुलाबी बाटली घेऊन आला.
चमचाभर दिली. घाम फुटला. पोर झोपलं.
गुरुवारी त्यानं अख्खी भाकरी खाल्ली.
बाटलीवरचा विश्वास गुरुवारी बसला.

शुक्रवारी देवरुषी, काळा दोरा.
शनिवारी पोर हसत उठलं,
म्हणजे दोऱ्यावरचाही.

पण अंजना शनिवारीच निघाली.
हे मी मुद्दाम लिहितोय, रकान्यात मावत नाही म्हणून.
पठारावरनं दोन तास खाली,
पोर कधी कडेवर, कधी पाठीला बांधून,
कारवीच्या उतारावर बूड घासत.
माझ्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हा
ओम्यानं माझा स्टॅपलर उचलला होता
आणि तो उघडमीट करत होता.

मी कपाळाला हात लावला.
गार.
किटचा डबा रिकामा होता,
साडेबाराची पाटण एसटी गाठायची होती,
मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं.
काच होती. सुई होती. रंगाची बाटली अर्धी होती.
मी म्हणालो, आज ताप नाही हो बाई,
ताप आला की घेऊन या.

ती म्हणाली,
ताप नाय म्हनून तर आनला, सायेब.
तापात त्येला खाली उतरवू कसा?
वाटंत डोळं फिरवलं म्हंजे?

मी हसलो असेन. आठवत नाही.
एसटी मिळाली, हे आठवतं.
गॅदरिंगमध्ये मुलगी झाड झाली होती,
हात वर करून तासभर उभी.

रविवारी तापला. रविवारी आम्ही बंद.
सोमवारी बरा होता, आणि ती आली नाही.
मी सांगितलं होतं ना,
ताप आला की.
तिनं सांगितलेलं ऐकलं.

मंगळवारी चार माणसं घोंगड्याची झोळी करून
धावत खाली आली.
वाटेत डोळे फिरवले होते.
बोटाला सुई टोचली तर रडला नाही,
थेंब फिका, चहात जास्त दूध पडल्यासारखा.
जाड ठिपका, पातळ ठिपका, रंग, पाणी, भिंग.
शोधावं लागलं नाही.
तांबड्या पेशींमध्ये अंगठ्या,
जिकडे काच सरकवावी तिकडे अंगठ्या.

कराडला नेला. बाटल्या लावल्या, रक्त चढवलं.
अकरा दिवसांनी परत आला,
त्याच घोंगड्यात, पण बसून.
डावा पाय जरा ओढतो. जाईल म्हणतात.
मीही म्हणतो, जाईल.

रकान्यात मी नऊ लिहिलं.
शनिवारच्या पानावर झोरे हे नाव नाही,
कारण ज्याची काच काढली नाही
तो आलाच नाही, असं आमचं रजिस्टर समजतं.

काल अंजना पुन्हा दारात.
ओम्या नाही, जावेची पोरगी, दीड वर्षाची,
केसाला लाल रिबीन, हातात अर्धं बिस्कीट.
आज हिला ताप नाय, ती म्हणाली,
आणि पुढं काहीच बोलली नाही.
उभी राहिली.

बाहेर साडेबाराची एसटी हॉर्न देत होती.
मी काच पुसली.
पोरगीनं मूठ घट्ट आवळली, बिस्किटासकट,
आणि मी एकेक बोट सोडवत बसलो.