सतरा नंबर

नोव्हेंबरात पहिलं गाठोडं आलं आंबोलीच्या लाँड्रीत,
अठ्ठावीस जर्सी, मोजून.
मॅच मी पाहत नाही.
शटर ओढताना पत्र्यांवरून स्टेडियमचे दिवे दिसतात,
ओरडा ऐकून कळतं, गोल आपला की परका.
बाकीचं सकाळी टबात.

गुडघ्याला हिरवं, म्हणजे घसरून अडवलाय बॉल.
कॉलर उसवली, म्हणजे कॉर्नरला झोंबाझोंबी.
गोव्यात पाच खाऊन आले
तेव्हा सगळं ओलंच कोंबलेलं, आंबूस.

सतरा नंबर मात्र जातो तसा येतो,
घडीची रेघही शाबूत.
पाठीवरचं मिझो नाव मला अजून उच्चारता येत नाही.
त्यावर इस्त्री सरळ फिरवायची नाही, अक्षरं वितळतात.
उलटी करून, हलक्या हाताने.
पैसे धुतल्याचेच लावते.

मार्चात, शेवटून दुसरे राहणार हे ठरून गेल्यावर,
शेवटच्या गाठोड्यात
सतराच्या डाव्या बाहीवर माती, तळहाताएवढी,
आणि खांद्याला मैदानाच्या आखणीचा पांढरा रंग.
पाच मिनिटं मिळाली असतील. फार तर दहा.

नळ सोडला, बंद केला.
तशीच टांगली तारेवर, न धुता.
दुपारी क्लबचा पोऱ्या आला न्यायला.
म्हटलं, सतरा राहिलीय,
वाळतेय अजून.