तीन उजवी

एकतीस वर्षं मी सांगत आले
की माझी सायकल दुरुस्तीला टाकलीय.
लाइपझिगमध्ये हे खपून जातं.
इथे प्रत्येकाची कुठली ना कुठली सायकल
कुठे ना कुठे दुरुस्तीला पडलेलीच असते.
बेकरीतल्या रोमीला मात्र एकदा शंका आली:
"वीब्के, त्या दुकानदाराचं नाव तरी सांग."
मी पाव मोजत राहिले.

आमच्या घरी सायकल एक आणि भाऊ तीन.
एवढंच. त्यात याहून मोठी गोष्ट नाही.

माल्केबाई शिकवतात रविवारी सकाळी,
बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये.
वय अडुसष्ट. अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवलेली.
पहिल्या दिवशी त्यांनी पाना काढला,
माझी दोन्ही पेडलं खोलून
कोटाच्या खिशात टाकली.
"आधी नुसती चाल."
एक्कावन्नाव्या वर्षी मी सीटवर बसून
बदकासारखी चालले, पांढऱ्या रेघांमधून,
जागा क्रमांक चौदा ते जागा क्रमांक चाळीस.
कडेला एक पोरगा रोल खात थांबला होता.
तो हसला नाही.
ते जास्त लागलं.

जन्मभर लोकांनी माझं एकच कौतुक केलं,
हिचे पाय जमिनीवर असतात.
आता ही बाई म्हणते, उचल.

तिसऱ्या रविवारी पेडलं परत मिळाली.
"खांबाकडे बघशील तर खांबावरच जाशील."
एवढ्या मोठ्या रिकाम्या मैदानात
दिव्याचा खांब एकच होता.
मी त्याच्याकडे बघितलं.
खांद्यावर आठवडाभर निळा डाग,
रोमीला सांगितलं, कपाटाचं दार.

मग कधीतरी, मला न विचारता, तोल आला.
तो येतो तेव्हा काही वाजत नाही.
उलट मागून धावणाऱ्या बुटांचा आवाज
बारीक होत गेला,
आणि मला कळलं, माल्केबाई
केव्हाच्या मागे राहिल्यात.

रूळ त्यांनी सगळ्यांत शेवटी शिकवले.
"काटकोनात ओलांड. तिरकी गेलीस की चाक गिळतात.
अठ्ठावीस वर्षं तुझ्यासारख्यांवर घंटा बडवली मी.
आता फेडतेय."

रस्त्यावर मात्र चार महिने
मी फक्त उजवीकडे वळले.
डावीकडे जायचं म्हणजे मान वळवून मागे बघायचं,
एक हात सोडायचा,
आणि यायचं रस्त्याच्या मधोमध,
सगळ्यांच्या वाटेत.
त्यापेक्षा तीन उजवी घ्यावीत,
एक डावं आपोआप होतं.
बेकरी दोन किलोमीटरवर, माझ्या वाटेने तीन.
त्या तिसऱ्या किलोमीटरात
कालव्याकाठी पालथ्या घातलेल्या होड्या होत्या,
कुंपणाबाहेर झुकलेला एक अक्रोड,
आणि पहाटे सव्वाचारला
व्हायोलिनवर रोज त्याच जागी चुकणारं कुणीतरी.
मला त्या माणसाचा आधार वाटायचा.

ऑक्टोबरात एकदा उशीर झाला.
कारण तेवढंच, उशीर.
मागे बघितलं. एक व्हॅन, लांब, दिवे पिवळे.
हात दाखवून अवलक्षण, म्हणतात ना,
तरी मी डावा हात दाखवला.
कोपरात वाकलेला, थरथरणारा,
उसना आणल्यासारखा.
व्हॅन मंदावली.
दुसऱ्यांसाठी थांबायची मला सवय आहे;
माझ्यासाठी कुणी थांबलं की
काय करायचं असतं, ते ठाऊक नव्हतं.
वळायचं असतं.
मी वळले.
मग दोन्ही हात मुठींवर, रूळ काटकोनात,
आणि तोंडातून जो आवाज निघाला
तो मी इथे लिहिणार नाही.

रोमी शटर वर करत होती.
सायकलकडे बघून म्हणाली,
"आली का दुरुस्त होऊन?"
"हो," मी म्हटलं, "फार वेळ लावला त्याने."

दुसऱ्या दिवशी वेळेत उठले,
आणि जुन्याच वाटेने गेले, तीन उजवी.
अक्रोड पडायला लागले होते.