तिसरा माणूस

मिरज कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
एक टाइपरायटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
शाई पुसायला जुन्या परकराचं फडकं.
सतरा वर्षं लोकांची अब्रू
मी पानाच्या दरानं टाइप करत आलेय.

सोमवारी भूपाल मगदूम आला.
म्हैसाळ रोडच्या एका गावात
दूध संस्थेचा सेक्रेटरी.
शहापुरे वकिलांच्या अक्षरातली नोटीस, तीन पानं.
'माझ्या अशिलाची समाजात पत आहे'
हे वाक्य बोटांना पाठ आहे,
डोळे मिटूनही येतं,
ज्याची नाही त्याचंसुद्धा.
'आपण सकाळच्या रांगेत बावीस इसमांसमक्ष म्हणालात की
फॅटचं मशीन ह्याच्या बोटावर चालतं.'
सबब पाच लाख रुपये
आणि पंधरा दिवसांत लेखी माफी.

गुरुवारी ती आली, नोटीस पदरात बांधून.
आक्काताई बिरनाळे.
'वाचून दाव बाई, ह्यात म्या काय बोललो ते.'
वाचलं.
'असंच बोललो. पर एक शब्द कमी लिवलाय त्यानं.'

नायकवडी वकीलबाई दुसऱ्या खुर्चीवर.
मावशी, म्हणाल्या, खरं बोललं की सुटलं, असं नसतं.
फौजदारीत खऱ्याला एक जोडीदार लागतो:
ते बोलण्यात लोकांचं भलं असावं लागतं.
दिवाणीत खरं एकटं चालतं,
पण कागदावर लागतं.
आक्काताईनं पिशवी उपडी केली.
चौदा महिन्यांच्या स्लिपा, रबरात गुंडाळलेल्या.
तीच म्हैस, तीच धार,
मिरजेत तपासली तर सात पॉइंट एक,
गावात पाच पॉइंट आठ.
'आन् लोकांचं भलं म्हंजे?
रांगेतली बाकीची माणसं न्हाईत व्हय?'

मी टाइप केलं:
'सदर विधान सत्य व सार्वजनिक हिताचे असून…'
तिच्या बोलण्याला मी इस्त्रीचे कपडे घातले.

निबंधकांकडे तक्रार दिली होती?
'दोनदा.'
पोच?
'एकीची हाय. दुसरी म्हशीनं खाल्ली.'
एक पुरे. योग्य माणसाकडं, मनात आकस न ठेवता
केलेल्या तक्रारीला कायदा हात लावत नाही.
'आकस हाय की! सव्वा वर्स लुबाडलं मला…'
वकीलबाईंनी माझ्याकडं बघून बोट हलवलं.
ते वाक्य मी टाइप केलं नाही.

उठता उठता आक्काताई म्हणाली,
'आन् त्यो माझ्या गोठ्यात यिऊन
मला बोलला, त्येचं काय?'
काय बोलला?
तिनं सांगितलं. वकीलबाईंनी मान खाली घातली.
कुणी ऐकलं?
'म्या.'
तिसरं कुणी?
'म्हस.'

मग ती बदनामी होत नाही, मावशी.
दुसरी कलमं बघू, पण ही नाही.
बोलणारा एक, ज्याला बोलला तो दुसरा.
तिसऱ्या माणसाच्या कानात पडल्याशिवाय
कायद्याच्या लेखी अब्रू जात नाही.

माझा हात कळीवरच राहिला.
अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघर,
कुकरची दुसरी शिट्टी.
त्यानं आधी खिडकी लावली,
दाराची कडी बघितली,
आणि मग तो एक शब्द बोलला,
हळू, कायदा पाठ असल्यासारखा.
तेव्हापासून मी बाजारात जाते,
लोक माझ्याशी नीट बोलतात.
त्यांच्या नजरेत मी उतरलेली नाही.
फक्त आरशासमोर भांग पाडताना
हात घाईला येतो.

दोघी गेल्यावर कोरा कागद चढवला.
तो शब्द टाइप केला. खाली तारीख, त्याचं नाव.
वाचणारी मी एकटीच,
म्हणजे अजून काही झालेलं नाही.

कागद काढून टेबलावर ठेवला, सुलटा.
पेपरवेट बाजूलाच होता.
दुपारी या भिंतीशी वारा असतो.
येणारे जाणारेही असतात.