अंदाज

नेपोमुसेनोच्या कुरणात फाटक आपटत नाही कुणी.
बिजागरीला चरबी, कडीला जुन्या मोज्याची चिंधी.
कुत्र्याच्या गळ्यातली घंटा त्याने एप्रिलातच काढली.
घोड्यावरून उतरला, सवयीने शीळ ओठांवर आली,
ती त्याने तशीच गिळली.

"चारशे अठरा," तो माझ्या कानाशी बोलला,
"आणि ती भुरी. आणि तिची बहीण.
दारू प्यायल्यासारख्या करतात, डॉक्टर.
पण आता बघा. आता काही नाही."

बघितलं.
राखी रंगाची गाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी,
पाय जरा जास्तच फाकलेले,
जणू होडीच्या फळीवर उभी.
मान थरथरते, अगदी बारीक;
तोंड गवताजवळ गेलं की जास्त.
बाकी डोळ्यांत ओळख आहे. कानावरची माशी उडवते.
अंगात जोर आहे. हाक कळते.

मला खात्री हवी होती,
आणि खात्रीला तिथे एकच वाट: तिला दचकवायचं.
नेपोला सांगितलं नाही.
टोपी काढली, मांडीवर आपटली.

पळाली. चार ढांगा, पुढचे पाय गरजेपेक्षा उंच,
नसलेला ओहोळ ओलांडावा तसे,
मग एका कुशीवर, गोळी लागल्यासारखी.
मान पाठीकडे ओढलेली, पाय मेखांसारखे ताठ,
बुबुळं एका बाजूला घरंगळत आणि झटक्यात परत येत.
मी घड्याळ बघत होते. अडतीस सेकंद.
नेपो तिच्याजवळ गुडघ्यांवर, माझ्याकडे पाठ.
मग ती उठली
आणि चरू लागली.

चालायचं, हे लहान मेंदू ठरवत नाही.
तो फक्त सांगतो किती.
किती उचल, कुठे थांब, जमीन किती खाली.
मागच्या महिन्यात इथलीच एक गाय मेली
तिच्या त्या मेंदूची काचपट्टी मोंतेविदेओहून आली होती:
पर्किंजे पेशी, ज्या ओळीने उभ्या असतात
फांद्या पसरलेल्या झाडांसारख्या,
त्या ओळीत मधेमधे नुसती जागा,
उरलेल्या आतून फेसाळलेल्या.

वासरं असती तर म्हटलं असतं, जन्माचंच;
गाभण गायीला विषाणू गाठतो
आणि पोटातला मेंदू अर्ध्यावर सोडून जातो.
पण या तीन-तीन वेतं झालेल्या.
म्हणून विचारलं: खातात काय?

"गवत," तो म्हणाला. "होतं तेव्हा."
वरच्या रस्त्याने निलगिरीचे ओंडके नेणारे ट्रक जातात,
दिवसाला साठ. आवाजानेच हे दुखणं लागलं, त्याचं मत.
म्हणून जी पडेल तिला,
आणि जी पडेलशी वाटेल तिलाही,
तो जानेवारीपासून खाली ओढ्यावर नेऊन सोडतो.
"तिथे पानसुद्धा वाजत नाही. या."

खरंच वाजत नव्हतं.
ओढ्याची डबकी झालेली, आणि दोन्ही काठांना
नारांहिशो, कमरेच्याही वर,
वांग्याच्या गोतातलं काटेरी झुडूप,
फिकी जांभळी फुलं, गोट्यांएवढी नारिंगी फळं.
दुष्काळात हिरवं एवढंच.
गायीच्या तोंडाच्या उंचीला
एकूण एक फांदी खुडलेली.

मी एक फांदी हातात धरली. बोलले नाही.
त्याने फांदीकडे बघितलं, मग बोटांवर
महिने मोजू लागला, जानेवारी, फेब्रुवारी,
जूनवर अंगठा थांबला.
"पहिल्या दोघी पाण्याला इथेच यायच्या," तो म्हणाला.
आणि बऱ्याच वेळाने, "बऱ्या होतील?"
"या नाही. पण बाकीच्या पडणार नाहीत."

खोगिराचा कोयता त्याने काढला.
पहिल्याच घावाला
काठावर मागे काहीतरी जड कोसळलं.
तो वळला नाही.
कोयता गवतात ठेवला, हळूच, झोपलेल्याच्या उशाशी ठेवावा तसा,
आणि नुसत्या हातांनी
मुळापासून, काट्यांसकट, ओढायला लागला.

माझ्या पेटीत लांब हातमोजे होते,
अडलेलं वासरू ओढताना घालते ते, प्लास्टिकचे.
काट्यांपुढे किती टिकतील
याचा अंदाज होता मला.
तरी घातले.